सगुणाऊ कोणी सांगितली

दत्तोपंतांच्या कीर्तनात एक जागा ठरलेली होती. पूर्वरंगाचं निरूपण ऐन रंगात आलं की ते झांजा छातीशी धरून थांबायचे, मान जराशी तिरकी करायचे आणि मांडवाच्या शेवटच्या रांगेकडे बघत म्हणायचे, "आता मागून कोणी म्हणेल, बुवा, हे कशावरून?" मागून कोणी काही म्हटलेलं नसायचं. मागे बहुधा दोन-तीन म्हातारे खांबाला टेकून पेंगत असायचे. पण तेवढ्या प्रश्नाने अख्खा मांडव सावरून बसायचा, आणि मग बुवा उत्तराला हात घालायचे.

महाडच्या पोस्टात नोकरी करून निवृत्त झालेल्या या माणसाला कीर्तनाचं वेड कुठून लागलं, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. हरिनामाच्या गजरात माणसं हलकी होतात, त्यांच्या कपाळावरच्या आठ्या सुटतात, एवढं त्यांनी पाहिलं होतं आणि तेवढ्यावर ते खूश होते.

त्यांची सून विनीता पोलादपूरच्या एका शाळेत इतिहास शिकवायची. रोज सकाळी महाडहून एसटीने जायची, संध्याकाळी परतायची, आणि घरी आली की लॅपटॉप उघडून बसायची. दोन्ही तालुक्यांतल्या सहा शाळांच्या मुलांनी मिळून आपापल्या गावाची माहिती लिहायची, असा एक ज्ञानकोश तिने इंटरनेटवर सुरू केला होता. गावचं देऊळ, विहीर, जत्रा, पिकं, पक्षी, ज्याला जे ठाऊक ते. तिची मावसबहीण चैत्राली पुण्यात संगणकाच्या कामात होती. कोशाची यंत्रणा ती सांभाळायची.

एका रविवारी विनीताने लॅपटॉप आपटल्यासारखा मिटला.

"डोकं फुटायची वेळ आलीय, बाबा."

"कोणाचं? मुलांचं की तुझं?"

"मुलांनी वाचताना विचार करावा म्हणून प्रत्येक नोंदीखाली 'खरं' आणि 'खोटं' अशी दोन बटणं दिली. तर हिरकणीवाडीच्या मुलांनी आपल्या गावच्या सगळ्या नोंदींना 'खरं' दाबलंय आणि शेजारच्या गावच्या सगळ्यांना 'खोटं'. आणि हे ऐका. 'आमच्या नाक्यावरचा वडापाव रायगड जिल्ह्यात पहिला.' एकशे त्रेचाळीस जणांनी 'खरं' म्हटलंय!"

"तू खाल्लायस?"

"बाबा!"

"नाही, खोटं म्हणायचं तर आधी खाल्ला पाहिजे." दत्तोपंत हसले, मग चष्मा पुसत म्हणाले, "अगं, पोरांना एकदम न्यायाधीशाच्या खुर्चीत कशाला बसवतेस? त्यांना आधी मागच्या रांगेत बसव. तिथून विचारू दे, हे कशावरून."

विनीताने मिटलेला लॅपटॉप पुन्हा उघडला. मग तिने चैत्रालीला फोन लावला आणि पुढचा तासभर दोघी बोलत होत्या.

महिनाभरात कोशाचं रूप पालटलं. 'खरं', 'खोटं' गेलं. कुठल्याही वाक्यावर बोट ठेवलं की 'कशावरून?' असं उमटायचं. विचारणाऱ्याने आपल्याला शंका का आली तेही लिहायचं. मग ज्याने वाक्य लिहिलं त्याने आपल्याला हे कोणी सांगितलं ते नाव द्यायचं, मग त्या माणसाला कोणी सांगितलं, मग त्याला कोणी. एकेक नाव एकेका चौकटीत बसत जायचं आणि वाक्याखाली त्याचा माग तयार व्हायचा. विनीताने एक नियम हट्टाने घालून घेतला होता. प्रश्न मिटवायचा अधिकार प्रश्न विचारणाऱ्यालाच. शिक्षकाला नाही, तिला स्वतःलाही नाही.

दत्तोपंतांनी शेजाऱ्यापाजाऱ्यांना ते बटण दाखवलं. "माझं आहे हो ते," असं सांगितलं.

मार्चच्या शेवटी त्या बटणाने त्यांचंच दार ठोठावलं.

पळसकोंड हे पोलादपूरहून आंबेनळी घाटाच्या वाटेला, डोंगराच्या कुशीत बसलेलं गाव. तिथे मारुतीच्या देवळामागे कातळात खोदलेलं पाण्याचं टाकं आहे. कोशातली त्याची नोंद अशी होती, की दुष्काळाच्या एका साली सगुणाऊ नावाच्या विधवेने नामस्मरण करत एकटीने हे टाकं खोदलं. त्या वाक्यावर बोट ठेवलं होतं नववीतल्या सरिताने. ती पळसकोंडच्याच बौद्धवाडीतली. शंका म्हणून तिने लिहिलं होतं, 'टाकं पंधरा हात लांब आहे. एकटीने खोदायला किती वर्षं लागतील? तोवर दुष्काळ संपेल.'

माग निघाला. नोंद लिहिणाऱ्या मुलाने देवळाची स्मरणिका सांगितली. स्मरणिका लिहिणाऱ्या गुरुजींनी उत्सव समितीच्या जुन्या अध्यक्षांचं नाव दिलं. जुने अध्यक्ष म्हणाले, आम्ही कीर्तनात ऐकलं. आणि चौथ्या चौकटीत नाव आलं, 'दत्तोपंत, महाड.' त्यापुढची चौकट रिकामी होती. तिच्यावर लिहिलं होतं, 'यांना कोणी सांगितलं?'

विनीताने हसत हसत स्क्रीन त्यांच्यापुढे धरली. "बोला बुवा, कोणी सांगितलं?"

दत्तोपंतांनी चहाचा कप बशीत ठेवला. "जुन्या लोकांकडून," ते म्हणाले. "घाल तसं."

तिने तसं घातलं.

खरं काय ते त्यांना पक्कं आठवत होतं. एकतीस वर्षांपूर्वी पळसकोंडला त्यांचं पहिलं कीर्तन होतं, हनुमान जयंतीचं, पहाटेचं. सूर्योदयाला जन्म व्हायचा. त्यांनी महाडच्या घरी पंचांगात सूर्योदयाची वेळ बघितली, घड्याळ लावून आख्यान बसवलं आणि ठरल्या मिनिटाला जन्मापर्यंत आणून सोडलं. पण पळसकोंडला पूर्वेकडे डोंगर उभा. तिथे सूर्य कड्यावर डोकवेपर्यंत चांगला अर्धा-पाऊण तास जातो, आणि बिंब दिसल्याशिवाय गाव पाळण्याची दोरी ओढत नाही. हे महाडच्या माणसाला कुठून ठाऊक असणार? पुजारी हळूच म्हणाला, "बुवा, चालू ठेवा, अजून दिस वर नाय." आख्यान संपलेलं, पेटीवाला तोंडाकडे बघतोय, मांडव भरलेला. बुवांची नजर देवळामागच्या टाक्यावर गेली आणि तोंडातून सगुणाऊ बाहेर पडली. कीर्तनातल्या साकीच्या चालीत तिचं नाव चपखल बसलं. बायका रडल्या. सूर्य वर आला. पुढच्या वर्षी लोकच म्हणाले, "सगुणाऊ घ्या, बुवा." मग दरवर्षी सगुणाऊ.

दोन दिवसांनी त्या चौकटीखाली सरिताने पुन्हा लिहिलं, 'कोणते जुने लोक? त्यांची नावं? माझा आजा म्हणतो, टाकं आमच्या वाडीतल्या माणसांनी फोडलं.' आणि त्याखाली, जणू कोणी विचारायच्या आधीच, तिने आपल्या आज्याच्या वाक्यावरही 'कशावरून?' लावला होता.

दत्तोपंतांनी एसटी पकडली. पोरीला समजावून सांगू, असं मनाशी म्हणत ते पळसकोंडला उतरले. काय समजावून सांगणार होते, ते त्यांनी स्वतःलाही विचारलं नव्हतं.

टाक्याच्या काठावर सरिता वही घेऊन बसली होती आणि तिचा आजा चंदू पायऱ्यांवर उकिडवा बसून तिच्यावर चिडला होता.

"माझा आजा सांगायचा ते मी सांगतो, तर ही मलाच विचारते कशावरून! बापाला तुझ्या कधी छाती झाली नाय असं विचारायची."

"आजा, बुवांना विचारलं तर तुलाही विचारायला नको? नायतर ती भांडाभांडी झाली."

"शिकवा पोरींना," चंदू दत्तोपंतांकडे वळून म्हणाला. "बसा, बुवा. ऐकतो हां मी तुमचं कीर्तन. भोंगा आमच्या वाडीवर रोखलेला हाय, ऐकल्यावाचून सुटका नाय. त्या बाईला लय राबवता तुम्ही."

"गोड मानून घेता," दत्तोपंत पुटपुटले.

"गोड कुठलं? दुष्काळाच्या कामाला आमची माणसं लावलेली. धान्यावर. कातळ फोडला आमच्यांनी, आणि पाणी लागल्यावर आमच्या बायका इथं काठाला उभ्या, कोणी वरून ओतील तेवढं घ्यायच्या. माझ्या आईनं घेतलंय तसं. ते मी डोळ्यांनी बघितलंय, त्याला कशावरून लागत नाय."

सरिताने मान वर केली. "ते तू बघितलंस, म्हणून ते मी वेगळं लिहिलंय."

मग ती बुवांना दोन पायऱ्या खाली घेऊन गेली. चैत्रात पाणी उतरलं होतं. एरवी बुडालेल्या भिंतीवर ओळीने छिन्नीचे बारके ठसे होते. एक त्रिशूळासारखा, एक दोन रेघांचा, एक नुसता गोल. पाथरवट आपापलं काम ओळखू यावं म्हणून करतात तसे.

"दहा आहेत," सरिता म्हणाली. "म्हणजे एकटीने खोदलं नाही, एवढं नक्की. पण ही माणसं आमचीच, हे यावरून कळत नाही. आजाला राग येतोय, पण नाही कळत. बुवा, तुम्हाला ज्यांनी सांगितलं त्यांना मी भेटू शकते का? कुठे राहतात?"

इतकं सरळ विचारलं होतं तिने, की त्यात टोचणारं काहीच नव्हतं, आणि म्हणूनच ते आत उतरलं. दत्तोपंतांनी त्या गोल खुणेवर बोट ठेवलं. हे कोरणाऱ्याच्या घरी पोरंबाळं असतील. त्याचा घाम मी एकतीस वर्षं एका नसलेल्या बाईच्या कपाळावर रंगवला.

"सांगतो," एवढंच म्हणून ते निघाले.

घरी आले तर उत्सव समितीच्या राजेशचा फोन. "बुवा, यंदा जोरात! टाक्यापाशी सगुणाऊच्या नावाचा फलक लावतोय. पेंटरने अक्षरं काढलीत. कीर्तन झालं की तुमच्याच हस्ते."

त्या रात्री जेवताना त्यांनी विनीताला सगळं सांगितलं, पंचांगासकट. मग पानावर नजर ठेवून म्हणाले, "तो प्रश्न मिटवता नाही का येणार तुला?"

"नाही. तसंच बांधलंय ते."

"चैत्रालीला सांगून?"

"येईल कदाचित." विनीताने वाटी खाली ठेवली. "पण बाबा, सहा शाळांमधल्या एका मुलीने ते बटण माझ्या मनात होतं अगदी तसं वापरलंय. आपल्या आज्यावरसुद्धा. तिचाच प्रश्न मी गुपचूप मिटवायचा?"

"माझ्या शब्दाला तिथे किंमत आहे गं. आजारी माणसाला बुक्का लावायला बोलावतात मला. एक खोटं निघालं की मागचं सगळंच खोटं धरतील. देवाचं म्हणून जे सांगितलं तेही."

विनीताने त्यांच्या वाटीत आमटी वाढली. सासऱ्यांना खोटा धीर देण्याइतकी ती परकी नव्हती.

हनुमान जयंतीच्या पहाटे मांडव भरला. विनीता कोशातल्या सात-आठ मुलांना घेऊन आली होती. सरिता कडेला उभी होती. चंदू मांडवात आला नाही, टाक्याच्या कट्ट्यावर बसून राहिला. पूर्वरंग झाला, गजर झाला, राजेशने हार घातला, बुक्का लावला. उत्तररंगात जन्माची कथा झाली. पूर्वेकडे उजाडलं होतं, कड्यामागे सोनेरी कड दिसत होती, पण बिंबाला अवकाश होता. पेटीवाल्याने सवयीने साकीचा सूर धरला.

दत्तोपंतांनी हाताने त्याला थांबवलं. झांजा छातीशी धरल्या. मान तिरकी केली.

"आता मागून कोणी म्हणेल, बुवा, सगुणाऊ कशावरून?"

मांडव सावरून बसला.

"मंडळी, सगुणाऊ कशावरूनही नाही. मी रचली. एकतीस वर्षांपूर्वी इथेच, याच वेळेला. सूर्य उशिरा येतो हे मला ठाऊक नव्हतं, आख्यान संपलं, आणि तुमच्यापुढे गप्प उभं राहायची मला लाज वाटली. ती लाज झाकायला मी एक बाई उभी केली. पुढे ती तुम्हाला आवडली आणि मला तुमचं आवडणं आवडलं. टाकं दहा जणांनी तरी खोदलंय. खुणा पाण्याखाली आहेत, आत्ता दिसतात. ती माणसं कोण, मला ठाऊक नाही. या गावात काही लोक सांगतात, आमची होती. त्यांना मी कधी विचारलंच नाही. माझा आवाज भोंग्यातून त्यांच्या घरात जात होता आणि त्यांचा माझ्यापर्यंत येत नव्हता. देवाच्या दारात उभं राहून सांगतोय, चुकलो."

पेटीवाल्याची बोटं पट्ट्यांवर तशीच. कुठेतरी लहान मूल रडलं. राजेशचा चेहरा पडला. "बुवा," तो पुढे येऊन कुजबुजला, पण माईक समोरच होता, सगळ्यांना ऐकू गेलं, "अहो, फलक रंगवून झालाय!"

कोणीतरी फिसकन हसलं. मग आणखी कोणी. तेवढ्यात पुजाऱ्याने हाक दिली, कड्यावर बिंब आलं, घंटा घणघणल्या, फुलं उधळली गेली, बायकांनी पाळण्याची दोरी ओढली. दत्तोपंतांनी डोळे मिटून नामाचा गजर केला. इतका मोकळा गळा त्यांना कित्येक वर्षांत लागला नव्हता.

जन्म झाल्यावर ते मांडवाच्या कडेला खुर्चीवर बसले. एरवी पाया पडायला रांग लागायची. आज कोणी आलं नाही. माणसं सुंठवडा घेऊन घोळक्याने बोलत उभी होती, मधूनच इकडे बघत होती. काही जण टाक्याकडे उतरले होते आणि चंदू त्यांना पायरीवरून वाकून एकेक खूण दाखवत होता. "मोजा, मोजा तुम्हीच. नायतर माझ्या नातीला पटायचं नाय."

दत्तोपंतांनी उपरण्याची घडी केली. झालं, असं मनात म्हणाले.

तेवढ्यात सीता नावाची एक म्हातारी काठी टेकत पुढ्यात आली. तिने त्यांना नीट न्याहाळलं.

"बुवा, एक इचारू?"

"विचारा की."

"तुम्ही सांगितलंत, नाम घेतलं की ताप उतरतो. ते बी रचलेलं काय?"

दत्तोपंत दचकले, मग विचार करू लागले. "ते मी आईकडून ऐकलं. तिचा उतरला होता, ते मी पाहिलं. पण तेव्हा डॉक्टरांची गोळीही चालू होती. तुम्ही दोन्ही घ्या, आजी."

"असं व्हय!" म्हातारी समोरच्या सतरंजीवर ऐसपैस बसली. "आन् मागल्या साली ते हत्तीचं सांगितलंत, ते?"

"ते पोथीत वाचलेलं."

"आन् तुमचे गुरू पुरातनं चालत आले, ते?"

"ते..." त्यांनी खाकरून घेतलं. "पूर आला होता. चालत आले ते. पाणी किती होतं, ते मी जरा वाढवलं असेल."

आता मोठ्याने हसू फुटलं. घोळके सरकत सरकत जवळ आले. एकतीस वर्षांत न विचारलेलं एकेकाच्या पोटातून बाहेर पडू लागलं. कोणी घाटातल्या गुहेबद्दल विचारलं, कोणी गावच्या नावाबद्दल. राजेशही फुरंगटलेला चेहरा घेऊन खुर्ची ओढून बसला. "मग आता फलकावर काय लिहू, तेवढं सांगा," म्हणाला. "आधी त्या वाडीतल्या माणसांना विचार," दत्तोपंतांनी सांगितलं आणि पुढच्या प्रश्नाकडे वळले. हे ऐकलेलं, हे वाचलेलं, हे पाहिलेलं, हे मात्र रचलेलं. चहा निवून गेला तरी त्यांना भान नव्हतं. शब्दाची किंमत गेली म्हणून जीव घाबरा झालेल्या माणसाला लोक पहिल्यांदाच त्याच्या शब्दाबद्दल विचारत होते.

विनीताने फोन काढून चैत्रालीला लिहायला घेतलं आणि लिहिता लिहिता ते सरिताला दाखवलं. "अगं सरिता, हे बघ. प्रत्येक वाक्य लिहितानाच लिहिणाऱ्याने रंग निवडायचा. पाहिलेलं, ऐकलेलं, वाचलेलं, रचलेलं. चार रंग. जमेल?"

सरिताने वहीत चार रकाने आखले. वही घेऊन ती बुवांसमोर येऊन उभी राहिली.

"बुवा, आणि देव पाठीशी उभा असतो, असं तुम्ही शेवटी म्हणता. ते कुठल्या रकान्यात घालू?"

दत्तोपंतांनी वाकून तिच्या वहीतल्या चारही रकान्यांवरून बोट फिरवलं.

"यातल्या एकातही नाही बसायचं," ते म्हणाले. "ऐकलं होतं, वाचलं होतं, पण म्हणून नाही सांगत मी ते. एक रकाना वाढव. मानलेलं."

"त्याला 'कशावरून' विचारायचं की नाही?"

"विचार. माणसाला विचार, की बाबा रे, तू का मानतोस? तो सांगेल. फक्त ते वाक्य त्याचं राहील. दुसऱ्या कोणाच्या नावावर खपवायचं नाही."

सरिताने पाचवी रेघ ओढली. "आमच्यातही आहेत अशी वाक्यं," ती म्हणाली. "आजाची तर लय आहेत."

"ऐकलं हां मी!" टाक्याकडून चंदू ओरडला.

"अगो पोरी, बाजूला सर जरा," सीताआजीने काठीने सतरंजीवर टकटक केलं. "माझं अजून इचारून झालं नाय."